पळी कोणती, ते विचारा

“शाकाहारी किती?” ओव्हरसियरसाहेबांनी विचारलं.

“कोणते शाकाहारी, साहेब?”

“कोणते म्हणजे? शाकाहारी म्हणजे शाकाहारी!”

मी कपाळाला हात लावला. इंग्रज अजून राज्यावर होता तेव्हाची गोष्ट. तोरणमाळच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडलेला. खाली मजुरांचा कॅम्प, आणि मी त्या कॅम्पचा आचारी. मूळचा रनाळ्याचा. शाळा नावापुरती. साहेब पुण्याकडचे. त्यांचा तो शब्द आमच्या तोंडात नव्हताच. आमचे शब्द वेगळे, आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला लागू नाही.

गळ्यात तुळशीची माळ, तो माळकरी. सोमवार-शनिवार पाळून बाकीचे दिवस हाडं चघळणारा, तो वारवाला. फोड नको, नुसता रस्सा वाढा म्हणणारा, तो रश्शावाला. फोड म्हणजे मटणाचा तुकडा. म्हसावदकडचे गुजर गाडीवान मुळातच खात नसत, त्यांना बाकीचे घासफूसवाले म्हणून चिडवत. आणि डोंगरातल्या पावरा लोकांत ज्याने दारू-मटण शपथेवर सोडलं, तो भगत. भगत सगळ्यांत कडक. मटणाला लागलेली पळी त्याच्या डाळीत बुडाली, की ती डाळ त्याच्या लेखी बाटली.

एवढं सगळं साहेबांना समजावलं. ते म्हणाले, “मी स्वतः शाकाहारी आहे. अंडं चालतं, ते सोड.”

आता याला काय म्हणायचं? यांच्यासाठी तर आमच्यातही शब्द नव्हता.

भगत मजूर तोवर आपलं आपण रांधत. साहेबांना ते खपेना. वेळ फुकट जातो म्हणाले. मोठ्या साहेबांची मोटार घाटातून जायची होती. ऑर्डर निघाली: सगळ्यांनी कॅम्पचंच जेवायचं, पंगती दोनच. एक शाकाहारी, एक मांसाहारी.

माझी बायको यमुना भाकरी आणि डाळ बघायची, मी मटण. यंदा ती गेली. तिचं पुढे सांगतो.

पुन्या हा भगतांचा म्होरक्या. तो चुलीशी येऊन उभा राहिला. “डाळनी पळी येगळी शे ना?”

“वेगळी आहे,” मी म्हणालो. “भांडंही वेगळं.”

“नीट ध्यान ठेव दादा. मन्ही पोरनं लगीन शे. त्या घरना लोके भगत शेतस. इथं बाटनू तर लगीन मोडी.”

बाजाराच्या दिवशी बोकड कापला. पंगती बसल्या. शाकाहारी पंगतीत पुढे कोण, तर धोंडू मुकादम! पक्का रश्शावाला. पलीकडच्या पंगतीतून वाटीभर रस्सा घेऊन आला आणि पुन्याच्या शेजारी मांडी घालून बसला. मी म्हणालो, “मुकादम, तिकडे बसा.” तो म्हणाला, “का? मी मटणनी फोडीले हात तरी लावा का?” आणि डाळीची पळी स्वतःच उचलून त्या वाटीतच फिरवली, वर परत डाळीच्या भांड्यात टाकली!

पुन्याच्या तोंडात घास होता. तो त्याने थुंकला. उठला, आणि त्याच्यामागे सगळे भगत उठले. कुदळी तिथेच टाकून डोंगराकडे चालू लागले.

साहेब लालबुंद. “रस्सा म्हणजे काय मटण असतं का?” धोंडू ‘बरोबर’ म्हणून मान हलवतोय. मला ऑर्डर, “दिवस मावळायच्या आत माणसं परत आली नाहीत, तर तू आणि तुझ्या बायकोने बिऱ्हाड उचलायचं.”

रस्सा मी केला होता. त्यात मटण असतं की नाही, हे मला विचारायचं सोडून धोंडूला विचारत होते!

मी आणि यमुना त्यांच्यामागे गेलो. चढावर ते भेटले. पुन्या म्हणाला, चूल वेगळी पाहिजे, भांडी कोरी पाहिजेत, आणि जो रांधेल तो मटण खाणारा नको. मी म्हणालो, “असा माणूस आता कुठून आणू? गुजर गाडीवान रांधतील का? तुम्हाला साहेब रांधू देत नाहीत.”

यमुना म्हणाली, “आजपाईन मन्हं बी मटण बंद.”

मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्याने मात्र तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वळला आणि खाली उतरू लागला.

रस्ता झाला, मोटार गेली, पुन्याच्या पोरीचं लग्नही लागलं. मला वाटलं, आता बायको पुन्हा खाईल. छे! म्हणाली, “त्यासना समोर बोलनू शे.” जन्मभर घरात दोन चुली. मी मटणाचा आचारी, आणि माझ्या रश्शाचं मीठ बघायला घरात माणूस नाही. आखाडीच्या मटणाला शेजारी वाहवा करायचे, ही आपली भाकरी-ठेचा घेऊन चुलीपाशी.

आजारी पडली तेव्हा डॉक्टर म्हणाला, पायाचं सूप द्या, निदान अंडं द्या, अंगात काही उरलं नाही. मी हात जोडले. रागावलो, भांडलो. वाटी तोंडापाशी नेली. तिने मान फिरवली. तीच मान, जी त्या चढावर माझ्याकडे वळली नव्हती.

तिच्या तेराव्याला पावण्यांनी विचारलं, काकी माळकरी होत्या का? भगत होत्या का? मी म्हणालो, जेवा मुकाट्याने. पुन्याची पोर डोंगरातून आली होती, आपली नातवंडं घेऊन. तिने काही विचारलं नाही. यमुनाच्या चुलीपाशी गेली, पळी ओळखली आणि वाढून घेतलं.

आता लोक मला विचारतात, बाबा, तुम्हीही सोडलं का? सोडलं-बिडलं काही नाही. माझी चूल पेटवावीशी वाटत नाही, तिची पेटते. याला तुमच्यात काय शब्द असेल तो लावा.

एवढं मात्र ध्यानात ठेवा. कोणाला जेवायला बोलावलंत तर तू कोण, असं विचारू नका. कोणत्या पळीचं चालतं, ते विचारा. आणि मुकादमाच्या हातात पळी देऊ नका.