अर्थ न सांगणारे सर

इंग्रजी शिकवणारा माणूस कवितेचा अर्थ सांगत नाही म्हटल्यावर कुणालाही वाटेल, की त्याला तो येत नसावा. आमच्या गावात बऱ्याच जणांना तसं वाटायचंच. सर वर्गात यायचे, कविता दोनदा मोठ्यानं वाचायचे, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे आणि खुर्ची भिंतीला लावून निवांत बसायचे. पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, अर्थ?" की हे म्हणणार, "अर्थ काय परसाद हाय का, हातावर ठिवायला? सांग, पहिल्या ओळीत कोण आलंय?" "म्हातारा आलाय, सर." "मंग काय?" "मग तो दगडावर बसलाय." "मंग काय?" असं करत करत कविता संपायची आणि तास पण संपायचा. त्यामुळे त्यांचं नाव पडलं मंगकाय सर. ते त्यांनाही माहीत होतं आणि त्याचा त्यांना मुळीच राग नव्हता.

सर मंठ्याकडच्या एका खेड्यातले. घरी कापूस आणि तूर. परतूरपर्यंत बसनं आणि तिथून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून आमच्या गावी यायचे. वेचणीच्या दिवसांत शेतावर चक्कर मारूनच निघायचे, त्यामुळे स्वेटरला कापसाचे धागे चिकटलेले असायचे. इंग्रजीचे उच्चार अगदी आपल्या मातीतले. कुणी पोरगं हसलं तर तेही हसायचे. एकदा आम्ही विचारलं, सर, तुम्ही इंग्रजीच का घेतलं? तर म्हणाले, "मी धाव्वीला इंग्रजीत दोनदा नापास झाल्तो. दोन्ही बारीला आख्खं गाईड पाठ केल्तं. तिसऱ्या बारीला ते गाईड बसमध्ये राह्यलं, अन् मी पास झालो." आम्ही खो खो हसलो. ते मात्र गंभीरपणे मान हलवत राहिले.

न समजता समजल्याचं दाखवणं त्यांना चालायचं नाही. आमच्या पुस्तकात समुद्राकाठची एक कविता होती. सरांनी विचारलं, "समुद्र कुणी कुणी बघितलाय? टीव्हीवरचा न्हाई, खराखुरा." एकही हात वर गेला नाही. "मी पण न्हाई बघितला," सर म्हणाले. "मंग आपण सगळे सारखेच अडाणी. चला, जल्दी सुरू करू." आणि मग दुधना धरणाच्या काठच्या वस्तीवरून येणाऱ्या मीराला त्यांनी उभं केलं. धरण भरलं की समोरचा काठ दिसतो का, त्या पाण्याकडे बघून काय वाटतं, हे ती बिचारी अर्धा तास सांगत होती. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मीरा त्या दिवसापासून कविता वाचायला हात वर करायला लागली.

त्यांची खरी खोड मात्र शनिवारची. शनिवारी ते अभ्यास द्यायचे, की ही कविता घरी जाऊन अशा माणसाला सांगा ज्याला इंग्रजी येत नाही, आणि त्यानं जो प्रश्न विचारला तो सोमवारी घेऊन या. उत्तर नको, प्रश्न पाहिजे. एका राजानं माळरानावर फुलवलेल्या बागेची कविता होती. ती मी माझ्या चुलत्यांना सांगितली. चुलते बैलाला पेंड घालत होते. सगळं ऐकून म्हणाले, "ते समदं ठीक हाय. पर पाणी कोण देत व्हतं?" मला त्यांचा रागच आला. सोमवारी लाजत लाजत प्रश्न सांगितला, तर सर खुर्चीवरून उठलेच. "आता शेवटचं कडवं वाचा बरं!" शेवटच्या कडव्यात एक माळी होता, दमून झोपलेला. आम्ही तो चार वेळा वाचला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. आख्खी कविता त्या माळ्याचीच निघाली. सर म्हणाले, "तुझ्या काकाला माझा नमस्कार सांग."

तीच समुद्राकाठची कविता मी आईला सांगितली, तो शनिवार मला अजून लख्ख आठवतो. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. कवितेत एक कोळीण होती. तिचा मुलगा होडीतून गेला आणि बुडाला. ती रोज संध्याकाळी जेवायला दोन ताटं घेते. गाव तिला हसतं. मी आईला एवढंच सांगितलं आणि वर म्हटलं, "वेडी झालीय ती." आईनं भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, "येडी न्हाई. तो येणार न्हाई हे तिला पक्कं ठाऊक हाय. पर हाताला सवय झालेली असती ना बाई. हाताला कोण सांगणार?"

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, दत्ता. पाच वर्षांचा होऊन तापानं गेला. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे, आई तर कधीच नाही. कुणी लेकरांचं विचारलं तर 'मला एकच मुलगी' एवढंच सांगायची. त्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटताना ती म्हणाली, "त्याच्यासाठी छोटी भाकर करायचे मी, तळहाताएवढी. तो गेल्यावर वरीसभर हात ती थापतच व्हता. झाली की मंग ध्यानात यायचं." आणि मग, "प्रश्न पाहिजे ना तुझ्या सरला? इचार, त्या दुसऱ्या ताटातलं जेवण ती नंतर काय करायची?" मी सोमवारी वर्गात सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "तुझ्या माईला सांग, सरला ही कविता आज समजली."

पण दिवस दहावीचे होते. सराव परीक्षेत आम्ही पोरांनी आपापलं लिहिलं. पेपर तपासले दुसऱ्या शिक्षकांनी, गाईड समोर ठेवून, आणि निम्मा वर्ग कवितेच्या प्रश्नात आडवा झाला. पालकांची सभा भरली. सगळ्यांत आधी उभे राहिले ते माझे बाबा. "सर, तुमचं शिकवणं चांगलं असंल. पर पोरीला जालन्याला सायन्सला घालायची हाय. मार्क न्हाई पडले तर कविता घेऊन काय करू?" बाबा काही वाईट माणूस नव्हते. मला शिकवायचं हा त्यांचा ध्यास होता. मुख्याध्यापकांनी सरांना स्पष्ट सांगितलं, की उत्तरं लिहून द्या, नाहीतर दहावी दुसऱ्याकडे देतो. सरांनी एकच विचारलं, "दुसरे लिहूनच देणार ना?" "हो." "मंग मीच देतो. माझी पोरं हायती."

दुसऱ्या दिवसापासून सर उत्तरं सांगायला लागले. मधे थांबणं नाही, विचारणं नाही. कोळिणीच्या कवितेचं उत्तर आलं तेव्हा ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तसेच पाठमोरे सांगत गेले, की ही पुत्रशोकानं वेडी झालेली आई आहे. सगळ्या वर्गानं लिहून घेतलं. मीही घेतलं, छान अक्षरात.

बोर्डाच्या पेपरात नेमकी तीच आली. मी हातात पेन धरून थोडा वेळ बसून राहिले. मला आई आठवली, आणि सभेत उभे राहिलेले बाबाही आठवले. मी 'वेडी झालेली आई' असंच लिहिलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कोळीण आल्ती का? मंग आपलं लिहिलंस ना?" मी हो म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

निकाल चांगला लागला. आईनं सरांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली. बाबा आग्रह करकरून तूप वाढत होते. मधेच आई दारातून म्हणाली, "सर, माझं ते भाकरीचं बोलणं हिनं पेपरात लिहिलं म्हणती. बोर्डाच्या लोकांला पटलं असंल का?" मी ताटात मान घातली. सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. आपणहून कधी कुणाला आयतं उत्तर न दिलेला तो माणूस आईकडे वळून म्हणाला, "पटलं ना, ताई. पैकीच्या पैकी दिले असतील. असं उत्तर साऱ्या जिल्ह्यात कुणी लिहिलं नसंल." आईनं पदर डोळ्याला लावला आणि आत गेली. मी सरांना जीपपर्यंत सोडायला गेले. "सर, मी..." एवढंच मी म्हणाले. त्यांनी मला बोलू दिलं नाही. "बराबर केलंस. लिहून मीच दिल्तं ना? मंग चूक झाली असंल तर ती माझी." पुढच्या जूनमध्ये त्यांनी स्वतः जाऊन पाचवी ते सातवीचे वर्ग मागून घेतले. दहावीला पुन्हा कधी शिकवलं नाही.

मी आता जालन्यात इंग्रजी शिकवते. सरांना वर्षातून एकदा तरी फोन व्हायचा, पण त्या उत्तराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. यंदा पोळ्यानंतर आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ते गेल्याचा निरोप आला. आई म्हणाली, मी पण येते. गुडघे दुखत असताना जीपमध्ये चढून आली. सरांच्या घरी त्यांच्या बायकोचा हात धरून ती म्हणाली, "माझ्यासारख्या अडाणी बाईचं बोलणं सरांनी बोर्डापर्यंत पोचवलं." काकू म्हणाल्या, "भाकरीवाल्या ताई तुम्हीच का? दर वर्षी पाचवीच्या लेकरांना सांगायचे ते तुमची गोष्ट." आई कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मला तिथं बसवेना.

परतताना जीपमध्ये मी तिला सांगितलं. मी तिचं बोलणं लिहिलंच नव्हतं, 'वेडी' असं लिहिलं होतं, सर खोटं बोलले होते, सगळं. बाहेर कापसाची रानं मागं पळत होती. आई रागावली असेल, रडेल, असं मला वाटत राहिलं. परतूर जवळ आलं तेव्हा तिनं माझा हात हातात घेतला.

"माझ्या दोन्ही लेकरांसाठी खोटं बोलला गं तो माणूस," ती म्हणाली.

आईच्या तोंडून 'दोन्ही' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.