कोकराचा जबडा

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत लूमवर होतो, घर खारबावला. भात कापून झालं की घाटावरचा एक मेंढपाळ लेंडीखतासाठी आमच्या शेतात मेंढ्या बसवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कोकरू जन्मलं की तो आधी त्याच्या तोंडात अंगठा घालून जबडा चाचपायचा.

एका वर्षी तो अंगठा कोकराच्या तोंडातच थांबलेला मी पाहिला. तिसऱ्या कोकराचाही खालचा जबडा आखूड होता. त्याला आचळ धरता येईना.

"असं कशानं होतं?" मी विचारलं.

"दर दोन वर्सांनी दुसऱ्याच्या कळपातला मेंढा आनायचा आसतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ह्यो देखना, म्हून ठिवला. त्याच्याच लेकी त्याच्याखाली आल्या. रगत घरातच फिरलं, दादा."

मी घरी आलो. बायको चुलीपाशी बसली होती, सातवा महिना. ती माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात अशी सोयरीक चांगली मानतात.

दोन महिन्यांनी सुईणीने मुलगी माझ्या हातात दिली. नाक कोणावर गेलंय, ते सगळे बघत होते. मी हात धुऊन तिच्या तोंडात करंगळी घातली. तिने ती घट्ट चोखली, तरी मी तिचा खालचा जबडा चाचपतच राहिलो.