थोरली, धाकटी आणि आसारामचे डोळे

पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या गाळ्यांची एक ओळ होती. तिसऱ्या गाळ्यात माझं शिलाई मशीन आणि चौथ्यात आसारामचा फोटो स्टुडिओ. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे तो खोकला तरी मला कळायचं. बावीस वर्षं आम्ही असे शेजारी होतो. त्याच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, ठाऊक नाही. पण जे झालं त्यात माझाही हात होता आणि ते सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

आसाराम उंच, किडकिडीत. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. मी त्याचे सदरे शिवायचो म्हणून मला नेमकं माहीत. कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं तो खांदा उतरला होता. कॅमेरा पुण्याहून जुना आणलेला, काळा, लोखंडासारखा जड. तो खांद्याला अडकवून सायकलवर वाड्यावस्त्या फिरणं, हा त्याचा धंदा.

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. माणसं ऊसतोडीला जातात ती चैत्र-वैशाखाला परत येतात. म्हातारी तेवढी मागे राहतात. निघायच्या आधी घरच्या म्हाताऱ्याचा फोटो काढून ठेवायचा, अशी रीतच पडली होती. कारण कोणी बोलत नसे. मागे काही झालं तर पाटावर ठेवायला तोंड हवं. त्या आठ दिवसांत आसारामला जेवायला फुरसत नसायची. माझ्याकडचा एक काळा कोट आणि दोन धुतलेल्या टोप्या तो घेऊन जायचा आणि मळवून परत आणायचा.

शहाण्णवच्या त्या दसऱ्याला मात्र त्याच्याकडे कॅमेरे दोन होते. दुसरा त्याच्या जावयानं दिलेला, साबणाच्या वडीएवढा. खिशात टाकला तर खिसा लोंबतही नसे. रोल घातला की आपोआप सरकायचा. बटण दाबलं की काम झालं. गाळ्यापुढे चहा पिणाऱ्यांना विषय मिळाला.

"आसारामनं म्हातारपनी दुसरी केली," कोणी तरी म्हणायचं.

"कोनती बरी रं, थोरली का धाकटी?"

आसाराम हसायचा नाही. विचार करून उत्तर द्यायचा. "थोरली जड हाय. नखरे लई. उजेड मोजा, रिंग फिरवा, मग कुटं फुटू देती. पर तिच्यातून जे दिसतं तेच येतं. अंधुक दिसलं तर अंधुक येनार, ती आधीच सांगती. धाकटीचं तसं न्हाई. तिची बघायची खिडकी निराळी, फुटू काडायचं भिंग निराळं. खिडकीतून समदं कायम झ्याकच दिसतं."

"मग धाकटीच बरी की!"

"बघू," आसाराम म्हणायचा.

त्याला काय बघायचं होतं ते मला एकट्याला माहीत होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून पिकला नाही, वर्षभर थांबा. थोरलीच्या खिडकीत मध्यभागी एक बारीक गोल असतो. माणूस बरोबर टिपला की त्या गोलातल्या दोन अर्ध्या फाकी जुळून एक होतात. आसारामला आता तो गोलच दिसत नव्हता. तरी तो अंदाजानं रिंग फिरवायचा आणि फोटो धुऊन येईपर्यंत धास्तावलेला राहायचा. फोटोवाल्याला दिसत नाही हे कळलं तर संपलंच.

एका सकाळी तो थोरलीचा पट्टा हातात धरून नुसता बसला होता. वस्तीवर जायचं होतं आणि उठवत नव्हतं. मी म्हणालो, "धाकटी घेऊन जा. तिला तुझे डोळे लागत नाहीत. खांद्यालाही विसावा."

हे मी म्हणालो. कोणी विचारलं नसताना. एरवी मी सल्ले देत नाही.

त्या दिवशी त्याला कानिफनाथकडे जायचं होतं. कानिफनाथ तिशीचा तोडकरी, त्याची आई बनुबाई. त्याचा बाप पाच वर्षांपूर्वी तोडीच्या दिवसांतच गेला होता. निरोप पोचून कानिफनाथ गावी येईस्तोवर सगळं उरकलेलं. फोटो एकही नव्हता. दहाव्याला पाटावर म्हाताऱ्याचं पागोटं ठेवलं होतं. तेव्हापासून कानिफनाथचं एकच म्हणणं, मायचा एकटीचा फोटो नको, माय आणि मी दोघांचा एकत्र पाहिजे, घरात लावायला मोठा करून. बनुबाईला त्या वर्षी छातीतून खोकला होता. ती म्हणायची, "काय काडायचा त्यो औंदाच काड, पुडच्याचं मला इचारू नगंस."

ट्रक वस्तीवर उभा होता. माणसं चढत होती, कोंबड्या, पातेली, सरपण चढत होतं. मायलेक बाजेवर शेजारी बसले. रीतीप्रमाणे ताठ, दोघांच्या मध्ये वीतभर जागा सोडून. आसारामनं धाकटी डोळ्याला लावली. तिच्यात जुळवायचं काही नव्हतं. त्यानं बटण दाबलं, ट्रक निघून गेला. दुपारी माझ्या गाळ्यात येऊन तो म्हणाला, "बन्सी, लई दिसांनी बिनघोर फुटू काडला."

आठ दिवसांनी नगरच्या लॅबमधून रोल धुऊन आला. बाकीचे फोटो बरे होते, कारण त्यांत माणूस एकेकटा, मधोमध बसलेला. मायलेकांचा फोटो त्यानं उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला, मग माझ्या हातात दिला. "बघ बरं. मलाच तसं दिसतंय का?"

मी पाहिलं. मागचा ट्रक लख्ख आला होता. फाळक्यावरचे खिळे मोजता आले असते. बाजूला लटकवलेल्या कळशीचा पोचा दिसत होता. पुढे मायलेक होते, पण चेहरे धुक्यात गेलेले. नाक कुठं, डोळे कुठं, कळत नव्हतं. धाकटी फक्त मधोमध बघते. मधोमध ती वीतभर जागा होती आणि त्या जागेतून तिनं ट्रक पाहिला.

"थोरलीनं आधी सांगितलं असतं," आसाराम म्हणाला.

मी फोटो पालथा करून त्याच्या हातात परत दिला.

बाजारच्या दिवशी बनुबाई फोटो न्यायला आली. आसारामनं सांगितलं, रोल आला नाही. पुढच्या बाजारी आली तेव्हा सांगितलं, लॅब बंद आहे. पत्र्यापलीकडे मी मशीन थांबवून ऐकत होतो. तिसऱ्या खेपेला ती बाकावर बसली आणि खोकत राहिली, खूप वेळ. खोकला थांबल्यावर आसारामनं फोटो तिच्यापुढे ठेवला.

तिनं तो पाहिला. "ह्यो टरक कुनाचा?"

"माजी चूक झाली, बनुबाई. मला डोळ्यांनी दिसत न्हाई."

"कवापासनं?"

"वर्स झालं."

"आन फुटू काडत फिरतूस!" ती म्हणाली. मग फोटो परत त्याच्यापुढे सरकवून, "मला बी न्हाई दिसत. पर मी फुटू काडत न्हाई."

आसाराम खाली मान घालून बसला. "तुजा एकटीचा काडतो. आत्ताच. बन्सी मदतीला हाय."

"एकटीचा काय करू? पोरानं काय सांगितलं हुतं? त्यो हितं चैतात येनार. मी चैतापत्तुर हाय का न्हाई ते तू लिवून देतूस का?" पदरानं तोंड पुसून ती उठली. "श्रीगोंद्याला हाय त्यो, कारखान्यावर. चल घिऊन मला. चूक तुजी, तिकीट तुजं."

पौषातल्या एका सकाळी आम्ही तिघं निघालो. थोरली आसारामच्या खांद्याला, तिची तीन पायांची घोडी माझ्या हातात, बनुबाईकडे बाजरीच्या भाकरी बांधलेल्या. पाथर्डीहून नगर, नगरला दीड तास थांबून श्रीगोंद्याची गाडी. घोडी पाहून कंडक्टर म्हणाला, "आजोबा, जमीन मोजायला चालला का?" बनुबाई म्हणाली, "न्हाई, लेक मोजायला." मग तिला डुलकी लागली ती श्रीगोंद्यापर्यंत. मला मात्र झोप नव्हती. गोलात बघून फाकी जुळवायचं काम मी करणार होतो. आसारामनं चार दिवस मला गाळ्यात शिकवलं होतं, पण माझ्या हातून कुठलीही गोष्ट पहिल्यांदा बरोबर होत नाही.

तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कारखान्याच्या मागे होत्या. तिथून कोणी तरी उसाचा फड दाखवला. कानिफनाथ अर्ध्या तोडलेल्या उसातून बाहेर आला तेव्हा बनुबाईनं त्याला आधी ओळखलंच नाही. अडीच महिन्यांत तो वाळला होता. पाचटानं हात चिरलेले, डोळे तांबारलेले. पहाटे तीनला फडात उतरला होता आणि आदल्या दिवशीही तसाच.

"माय? तू हितं? कोन गेलं?"

"कोन न्हाई गेलं. बस हितं. फुटू काडायचाय."

मुकादम बांधावरून ओरडला, "ए कानिफ, ट्रक भरायचा ऱ्हायलाय! लगीन हाय का तुजं?"

"व्हय, तुला बलावलं न्हाई!" बनुबाई त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली. फडातली माणसं हसली. मुकादमही हसत ट्रककडे वळला.

उसाच्या मोळ्यांवर दोघं बसले. मी कोट आणला होता, पण कानिफनाथ नको म्हणाला, अंगाला घाम होता. आसारामनं हातानं चाचपून घोडी उभी केली, वर थोरली बसवली. उजेड बघायला त्याला डोळे लागत नव्हते, उन्हाकडे तोंड करून त्यानं अंदाज घेतला आणि त्याप्रमाणे माझ्याकडून आकडे लावून घेतले. मग म्हणाला, "बन्सी, बघ."

मी डोळा लावला. गोलात बनुबाईच्या कपाळावरची गोंदलेली उभी रेघ आली. वरची अर्धी एकीकडे, खालची अर्धी दुसरीकडे. पट्ट्यापट्ट्याच्या सदऱ्याला खिसा लावताना रेघेला रेघ आणतात, तसंच हे काम. आयुष्यभर केलेलं. तरी जुळली असं वाटायचं, पुन्हा शंका यायची, पुन्हा रिंग फिरवायचो. किती वेळ गेला कोणास ठाऊक.

"झालं का?" आसारामनं विचारलं.

"झालं बहुतेक."

"बहुतेक नगं."

मी पुन्हा पाहिलं. रेघ एक झाली होती. मग मी कानिफनाथकडे पाहिलं. त्याची मान कलली होती. बसल्या जागी तो आईच्या खांद्यावर झोपला होता, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर पालथे.

"दोघांचे डोळे उगडे हायेत ना?" आसारामचा हात बटणावर होता.

मी म्हणालो, "कानिफ झोपलाय. उठवतो."

"हात लावू नगंस," बनुबाई म्हणाली. ती जराही हलली नव्हती. "निजू दे त्याला. काड तसाच."

"बनुबाई, भिंतीवर लावायचाय. डोळे मिटलेले—"

"काड म्हनते ना."

आसारामनं बटण दाबलं. थोरलीचा खटकन आवाज झाला. दुसरा काढायला तो रोल सरकवू लागला, पण बनुबाईनं मानेनंच नको म्हटलं. मुकादम पुन्हा हाक मारीपर्यंत आम्ही त्याला झोपू दिलं. पाव तास असेल. भाकरी तशाच बांधलेल्या राहिल्या, जाताना तिनं त्याच्या हातात दिल्या.

चैत्रात कानिफनाथ परत आला तेव्हा फोटो भिंतीवर लागला होता. तो आसारामवर चिडला, "काका, मला जागं करायचं हुतं. बापाला न्हाई, आता मलाबी तोंड न्हाई." बनुबाई म्हणाली, "तुजं तोंड मला रोज दिसतंय. तू गप."

बनुबाई आणखी सव्वा वर्ष राहिली. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात गेली, कानिफनाथ घरी असताना. त्याआधीच्या उन्हाळ्यात नगरच्या शिबिरात आसारामच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाचा चष्मा लावून तो माझ्याबरोबर दहाव्याला आला.

पाटावर तोच फोटो होता आणि त्यावरून वाद चालला होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का? भावकीतले म्हणत होते, पोराची बाजू कापा, निदान कागद चिकटवा. आसाराम म्हणाला, निगेटिव्ह आहे, म्हातारीचा एकटीचा मोठा करून देतो. कानिफनाथनं कोणाचं ऐकलं नाही. हार घेतला, अर्धा दुमडला आणि फोटोच्या एका कोपऱ्यावर, तिच्या बाजूला, तिरका अडकवला. तो झोपलेला होता ती बाजू मोकळी राहिली.

आसाराम त्या फोटोपुढे बराच वेळ उभा होता. त्यानं काढलेला, पण नीट दिसला तो आत्ता पहिल्यांदा. मी मागे थांबलो. दीड वर्ष मी माझी जुळवणी त्याच्या नजरेला उतरेल का, हा प्रश्न मनात घेऊन फिरत होतो आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मागचा बांध तिरका आलाय. घोडी नीट बसली नव्हती."

"आणि तोंडं?"

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"रेघ जुळलीय," तो म्हणाला. "चल, यष्टी जाईल."