सात रांगा

नवापूरच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडचं अगदी शेवटचं घर चंद्रकांताचं. त्यापुढे सुरूची चार झाडं आणि मग नुसती वाळू. घरासमोर बोंबील सुकवायच्या सात रांगा: सुरूचे उभे खांब, त्यांवर आडवे बांबू, आणि बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. समुद्र दर पावसाळ्यात किनारा खात चालला होता. गावात कुणाच्या तीन रांगा उरल्या होत्या, कुणाच्या दोन. चंद्रकांताच्या मात्र सातच्या सात. बायका म्हणायच्या, हिच्यावर दर्याची मर्जी हाय. ती हसायची आणि विषय बदलायची.

मर्जी कसली डोंबलाची! दर वर्षी पाऊस सरला की ती एकटीच कोयता घेऊन समुद्राकडच्या रांगेपाशी जायची. लाटांनी पाडलेले बांबू गोळा करायची. जे खांब उपटता येतील ते उपटायची, जे निघत नसत ते वाळूच्या लगत तोडायची, आणि तीच रांग घराच्या बाजूला नव्याने उभी करायची. समोरची एक गेली, मागे एक वाढली. हिशोब सातचा सात. अशी नऊ वर्षं. आता सातवी रांग घरापासून दहा पावलांवर आली होती. अंगणातली तुळस तिने केव्हाच मागच्या दारी नेली होती.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. तो म्हणजे दर्पण, तिचा एकुलता मुलगा. नवरा कमलाकांत गेला त्या साली दर्पण म्हणाला होता, "आई, दर्या जवळ आला ना, तर मी तुला एक दिवस इथं ठेवणार नाय. घर बंद करायचं आणि बोईसरला यायचं." घर तिने तेव्हाच त्याच्या नावावर केलं होतं. पोरगा शब्दाचा पक्का, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तो होळीला आला की सात रांगा दिसल्या पाहिजेत. तो त्या मोजायचा, आणि मोजून निश्चिंत होऊन परत जायचा.

बोईसर काही सातासमुद्रापार नाही. शेअर रिक्षात बसलं की अर्ध्या तासात उतरता येतं. पण कारखान्याची शिफ्ट, मुलीची शाळा, आणि मुख्य म्हणजे सगळं ठीक आहे असं दर रविवारी फोनवर कळत असताना माणसाने यावं तरी कशाला? "आई, सगळं ठीक ना?" "सगळं ठीक हाय." एवढ्यात फोन संपायचा. मग ती उगीच थोडा वेळ फोन हातात धरून बसायची. एकटेपण तिचं तिनेच, खांबागणिक, बांधून काढलं होतं.

यंदा दिवाळीनंतर गावात किनाऱ्याला दगडी बांध घालायला डंपर येऊ लागले. धूपप्रतिबंधक बंधारा हे त्याचं सरकारी नाव, गावात म्हणायचे, "दगड आले." उताराला आधी जाड कापड अंथरायचं, म्हणजे आतली वाळू पाण्याबरोबर निघून जात नाही, त्यावर बारीक दगड, आणि वर दोन माणसांना न हलणारे मोठे दगड. चंद्रकांता रोज बघायला जायची. दगड आपल्या दिशेने सरकताना बघून तिला बरं वाटायचं, कुणीतरी पाहुणं येतंय असं.

एके सकाळी तिच्या घराच्या अलीकडे साठ-सत्तर पावलांवर एका मुलीने वाळूत लाल झेंडी रोवली. अपेक्षा तिचं नाव, कामावरची इंजिनिअर, पालघरची.

"ही कशाची गं, बाय?"

"बंधारा इथं संपतो, मावशी."

"आणि माझं घर?"

अपेक्षाने मोबाइलवर नकाशा काढला. गेल्या वर्षीच्या पाहणीत या टोकाला धूप नाही असं लिहिलेलं होतं. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत सात रांगा, आताच्या फोटोतही सात. "तुमच्याकडे किनारा जागच्या जागी आहे," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. मुलगी खोटं बोलणारी नव्हती. "पण मावशी, बंधारा जिथं संपतो ना, तिथं लाटा वळसा घालून मागची वाळू जास्त ओढतात. तुम्हाला आधीपेक्षा त्रास होईल. इथं खरंच काही गेलेलं नाही का? पुरावा असेल तर मी बंधाऱ्याची रेघ पुढे न्यायचा प्रस्ताव या महिन्यात पाठवू शकते. नंतर नाही."

चंद्रकांता तशीच वळली. घरी आली, चूल पेटवली, भात शिजवला आणि जेवली नाही. तिने आपल्या हाताने, इतक्या नेटकेपणाने, आपलं घर बुडवायला काढलं होतं. स्वतःचा असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती अपेक्षाकडे गेली आणि म्हणाली, "अमावस्येला सकाळी ये. पाणी लांब जातं तेव्हा."

अमावस्येला उजाडता उजाडता समुद्र मागे हटला होता. ओल्या वाळूत, एरवी कायम पाण्याखाली असलेल्या जागी, काळे बुंधे दिसत होते. एक रांग, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. नऊ रांगा. अपेक्षाने टेप धरला आणि चंद्रकांता साल सांगत गेली, तिच्या पद्धतीने. "ही गेल्या पावसाळ्याची. ही नात झाली त्या सालची. ही दर्पण फ्लॅटात गेला तेव्हाची." शेवटच्या बुंध्यापाशी ती वाकली आणि त्यावरची कालवं हाताने चाचपली. "हा आमच्या ह्यांनी ठोकलेला."

अपेक्षाने पन्नास फोटो काढले. मग म्हणाली, "घरमालकाचा लेखी जबाब लागेल. घर कोणाच्या नावावर आहे?"

चंद्रकांताने स्वतः मुलाला फोन करण्याची, तीही कामाच्या दिवशी, ही पहिलीच वेळ. "काय झालं, आई?" दर्पण घाबरून म्हणाला. "काय नाय" हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "नऊ रांगा गेल्या," ती म्हणाली. "तू ये."

तो दुपारी मोटरसायकलवर पोचला तेव्हा भरती आलेली होती. बुंधे पाण्याखाली गेलेले. समोर उन्हात सात रांगा उभ्या, बोंबलांनी भरलेल्या. त्याने नजरेनेच मोजल्या आणि तो वैतागला. "आई, सात तर हायत! मी सुपरवायझरच्या हातापाया पडून आलोय."

"तुझ्या बापाची पहिली रांग उंबऱ्यापासून किती पावलांवर होती?"

"शंभर." हे त्याला विचार न करता आठवलं. लहानपणी बापाच्या मागोमाग टोपली घेऊन तो ती पावलं मोठ्याने मोजत जायचा.

"मोज."

उंबऱ्यापासून तो निघाला. दहाव्या पावलाला खांब लागला तेव्हाच तो जरा थबकला. ही जागा अंगणाची होती. शेहेचाळीसला सातही रांगा संपल्या. पन्नासला पाणी बुटांत शिरलं. तो मोजत राहिला. सत्तरला गुडघे बुडाले. ब्याऐंशीला पाणी कमरेला लागलं आणि तो थांबला. समोर अजून अठरा पावलं नुसतं पाणी होतं. त्याने मागे वळून पाहिलं. दाराशी आई उभी होती, फार बारीक दिसत होती, आणि तिच्या मागे घर.

भिजलेल्या कपड्यांनी तो ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "एकटीने हलवल्यास? सगळ्या?"

"तू मला घेऊन गेला असतास."

"हो. नेलं असतं."

"म्हणून."

तो रडला, आणि तिने त्याला रडू दिलं. "चल" असं तो म्हणाला, ती "नाय" म्हणाली, आणि पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. त्याने जबाबावर सही केली आणि संध्याकाळच्या आत परतला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट होती.

रेघ पुढे सरकली, कागदावर. दगड पुढच्या हिवाळ्यात येतील असं अपेक्षाने कळवलं. मध्ये एक पावसाळा होता, आणि त्याने आपलं काम चोख केलं. भाद्रपदात चंद्रकांता कोयता घेऊन किनाऱ्यावर गेली, पडलेले बांबू गोळा करून घरामागे रचून ठेवले आणि हात धुतले. नवी रांग तिने घातली नाही.

रविवारी फोन वाजला. दर्पणने विचारलं, "आई, रांगा किती हायत?"

"सहा," ती म्हणाली.