नर्सबाई आणि बारवेचं पाणी

आमच्या नर्सबाई माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायच्या, मग तोंडाकडे. नेकनूरहून चालत यायच्या. खांद्याला पिशवी, तीत कापूस, पट्ट्या आणि पाणी गाळायला जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे. दुष्काळ होता. गावाला पाणी एका बारवेचं, तेही तळाला गेलेलं. पायऱ्या उतरून, पोटरीभर पाण्यात उभं राहून बायका घागरी भरत. त्याच पाण्यातून गावात नारू पसरला होता. पाय सुजायचा, फोड फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा.

नारू गड्यालाही व्हायचा, पण गडी बाजेवर पडायचा. माझी आई सुजलेला पाय ओढत बारवेवर जायची. पाण्यात पाय बुडवला की आग शमते, म्हणायची. नर्सबाई रोज येऊन तो जंत काडीला थोडा थोडा गुंडाळत. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, तू पाय बुडवतीस तव्हा नारूची पिल्लं पाण्यात पडत्यात. तेच पाणी तुझी लेकरं पित्यात."

"मग पाणी कोण आणील?" आईनं विचारलं.

नर्सबाईंनी पट्टी बांधली, पिशवी उचलली. त्या तशाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या दूध सोसायटीच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. सगळे गडी तिथे एकत्र सापडत. "ज्या घरात बाईच्या पायाला नारू हाय, तिथं धडधाकट गड्यानं पाणी भरायचं," त्या म्हणाल्या. गडी हसले.

चेअरमन म्हणाले, "बाई, तुमी आपलं दवापाण्याचं बघा."

"तेच बघायले मी."

हसणाऱ्यांत माझे वडीलही होते. घरी येऊन त्यांनी आईच्या पायाची सूज बघितली. मग घागर उचलून निघाले. बारवेवर बायकांनी तोंडाला पदर लावले. "कावून हसायलात?" एवढंच ते म्हणाले, आणि महिनाभर पाणी भरत राहिले. पुढे शेजारचे दोघे निघाले. अखेर सोसायटीनंच बारवेवर रहाट बसवून पायऱ्या बंद केल्या. आईचा पाय बरा झाला, लंगडणं तेवढं राहिलं.

नर्सबाईंची बदली केजकडे झाली, तेव्हा बायका त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेल्या. डोळे पुसणाऱ्या आईला त्या म्हणाल्या, "रडू नको. पाणी गाळून पीत जा."

माझ्या लग्नाच्या बोलणीत आईनं पाहुण्यांना एकच विचारलं, "तुमच्याकडं पाणी कोण भरतंय?" पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "माय आजारी असली की मी भरतो."

आई उठली आणि चहा ठेवायला आत गेली.