उभे स्पीकर आणि माळ्यावरची पेटी

आमच्या बोरिवलीच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकायचा. दहा बाय बाराची खोली, आणि समोरच्या दोन कोपऱ्यांत माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन उभे स्पीकर. "बापरे! हे काय, ऑर्केस्ट्रा ठेवलाय की काय घरात?" असं कोणी म्हटलं की नवरा खूश. त्याला वाटायचं कौतुक चाललंय. मी आयुष्यभर त्याला अहो-जाहो केलं. इथे नाही करणार, कंटाळा आला.

हे स्पीकर माझ्या माहेराहून आले. म्हणजे माझ्या बाबांनी दिले. म्हणजे मागितले म्हणून दिले. आता कोणी मागितलेलं कबूल करत नाही, पण मागितले होते.

बाबा गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि नंतर ते मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले. आई मी लहान असतानाच गेली होती. नाहूरच्या आमच्या खोलीत आम्ही दोघंच, आणि तिसरी पेटी. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मंडळाची जुनी पेटी कोणी वापरत नव्हतं, ती त्यांनी माझ्यासाठी मागून आणली, भाता शिवून घेतला. मुलुंडच्या एका बाईंकडे मला गाणं शिकायला घातलं. चाळीतले लोक म्हणायचे, पोरीला गाणं शिकवून काय करणार, भाकऱ्या तर थापायच्यात. बाबा हसायचे. "भाकरी थापताना गायल्यान तर भाकरी करपता काय?" असं विचारायचे. खरं सांगते, मी बरी गात होते. खोटा विनय कशाला? बाई म्हणाल्या होत्या, अजून पाच-सहा वर्षं नेटाने केलंस तर लोक तिकीट काढून ऐकतील.

मला बघायला आले तेव्हा मी अभंग म्हटला. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मुलगा मान डोलावत होता, जरा चुकीच्या जागी, पण डोलावत होता. मग पोहे खाऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला हो काही नको. नारळ आणि मुलगी द्या. फक्त मुलाला गाण्याची भारी हौस. टेप डेक आहे, ॲम्प्लिफायर आहे, तेवढे ते उभे स्पीकर घेऊन दिलेत तर बरं होईल. आणि ऐकणार कोण? तुमचीच मुलगी ऐकणार ना!"

ते गेल्यावर बाबा नुसते खुशीत. "सोनां नाय मागल्यानी, गाणां मागल्यानी. घर बरां आसा, बाय." माझे बाबा साधे, पण मूर्ख नव्हते. तरी इथे फसले. त्यांना वाटलं, स्पीकर मागणारं घर म्हणजे गाण्याचं घर. मलाही वाटलं. आमच्याकडे गाणं म्हणजे माणूस बसून गातो, दुसरा बसून वाजवतो, एवढंच आम्हाला माहीत. गाणं विकत आणून कोपऱ्यात उभं करायचं असतं हे आम्हाला कोण सांगणार?

स्पीकर घ्यायला अंधेरीला एका दुकानात गेलो. बाबा, मी आणि होणारा नवरा. बाबांनी पिशवीत एक कॅसेट घेतली होती. लग्न ठरल्यावर त्यांनी शेजाऱ्यांचा टू-इन-वन मागून आणून माझं गाणं भरलं होतं. सुरुवातीला त्यांचं खाकरणं, मग "हां, घे," मग मी आणि त्यांचा पखवाज. एकच बाजू भरली होती. दुसरी लग्नानंतर भरायची असं त्यांचं ठरलेलं. "तिकडे जाऊन नवीन शिकशीत, तां भर. मगे दोनय बाजू ऐकूया," म्हणाले.

दुकानदाराने आधी खोली केवढी ते विचारलं. दहा बाय बारा ऐकल्यावर तो म्हणाला, "मग छोटी जोडी घ्या, फळीवर बसेल. उभे स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवायला लागतात. कोपऱ्यात दाबले की आवाज घुमतो, नुसता ढबढब बेस." नवऱ्याने तोंड वाकडं केलं. त्याने आपली फिल्मी गाण्यांची कॅसेट लावायला दिली. सगळ्याच जोड्यांवर ढोल वाजले, मला तरी काही फरक कळला नाही. मग बाबांनी पिशवीतून आमची काढली. म्हणाले, "ही लावा. हिचो आवाज मी रोज ऐकतंय."

दुकानदाराने माझी कॅसेट एकेका जोडीवर लावली. दुकानाच्या मधोमध उभं राहून आपलंच गाणं ऐकायचं म्हणजे जीव नकोसा होतो. मी खाली बघत होते. बाबा मात्र डोळे मिटून उभे. छोट्या जोडीवर लावल्याबरोबर डोळे उघडून, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हां! ह्यां माजां चेडू." मग उंच जोडी लावली. माझा आवाज जाडजूड, भरदार, जणू मी मडक्यात तोंड घालून गातेय. बाबा जरा वेळ ऐकत राहिले आणि मान हलवली. "ह्यो माझ्या चेडवाचो आवाज न्हय."

नवरा म्हणाला, "बाबा, तुम्हाला सवय नाही ना. हाच खरा आवाज. भरलेला आवाज." आणि मग दुकानदाराकडे वळून, "ही उंचवाली पॅक करा. उद्या मोठी जागा घेतली की छोटे काय कामाचे? आणि लोकांना दिसायला तर पाहिजे ना यार, काहीतरी घेतलंय ते!"

बाबांनी पैसे मोजून दिले. मुलीच्या बापाने होणाऱ्या जावयापुढे कान शाबूत आहेत म्हणून भांडायचं नसतं. मला राग आला होता, पण तेव्हा मी रागाला लाज म्हणायचे. दुकानदार कॅसेट परत देताना म्हणाला, "काका, एवढं जपताय तर मागच्या ह्या दोन्ही पट्ट्या तोडून टाका. म्हणजे वर कोणाला रेकॉर्ड करता येणार नाही." बाबा म्हणाले, "कित्याक तोडतलंय? अजून गातलां तां. दुसरी बाजू रिकामी आसा." कॅसेट त्यांनी माझ्या हातात दिली आणि ती माझ्याबरोबर सासरी आली. पेटीही आली.

पेटी दोन दिवस खोलीत राहिली. तिसऱ्या दिवशी स्पीकर लागले. भिंतीपासून दीड फूट पुढे घ्यायचे म्हटल्यावर पलंग सरकवला, पलंग सरकल्यावर कपाट दारात आलं, आणि शेवटी वाट काय ती स्वयंपाकघराची लागली. "भिंतीला लागलेच पाहिजेत," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर मी झोपू कुठे?" मग ते कोपऱ्यातच दाबले. दुकानदाराने सांगितलं होतं तसंच झालं. गाणं लावलं की मांडणीवरची ताटं थरथरायची, खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे. सासूबाईंनी दोन्ही स्पीकरवर क्रोशाचे रुमाल टाकले आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला. नवऱ्याने बरोबर मध्यावर आपली खुर्ची मांडली. त्या जागेवर बसलं तरच म्हणे स्टिरिओ नीट कळतो. घरात ती एकच जागा, आणि ती त्याची. मी चहाचा कप घेऊन समोरून गेले की, "मध्ये येऊ नकोस ना! साउंड तुटतो." मी साउंड तोडणारी झाले.

पेटी गेली माळ्यावर. तिच्यापुढे स्पीकरची रिकामी खोकी. ती दोन खोकी म्हणजे दोन माणसं झोपतील एवढी. टाकायची नाहीत, सक्त हुकूम. पुढेमागे विकायचे झाले तर खोक्यासकट किंमत येते. पेटी पाहिजे असेल तर आधी खोकी उतरवायची, उतरवलेली खोकी पलंगावर ठेवायची, पलंगावर सासूबाई असतात. मी एकदा उतरवली. रियाजाला बसले आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं टेपवर लावता येतं की! त्यात तू कशाला घसा ताणतेस?" वाईट बोलल्या नाहीत. मनापासून बोलल्या. तेच जास्त जिव्हारी लागलं.

एका रविवारी नवऱ्याने माझी कॅसेट लावली. घरातल्या सगळ्या कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवून झाल्या होत्या. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, थांबल्या. "कोण गं ही? बरी गाते." मी पोळी लाटत होते. वाटलं, आता हा सांगेल. तो म्हणाला, "हिच्या माहेरचं काहीतरी आहे. रेकॉर्डिंग बेकार आहे, हिस ऐक, नुसतं सूं सूं किती येतंय!" आणि बंद केली. अहो, ज्या बाईला डोळे पुसत पसंत केलंत, तिचा आवाज ओळखू येईना तुम्हाला? त्यांना नाही आला. त्यांचं रडणं खरं होतं, पण गाणारी कोण याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी बाबांना हे सांगितलं नाही. नाहूरला गेले की ते विचारायचे, "दुसरी बाजू भरलंस?" मी म्हणायचे, "भरतेय." असं म्हणता म्हणता एका सकाळी ते ड्युटीवरून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. शेजारणीने भांडं हातात दिलं तेव्हा माणूस नव्हता.

दिवसकार्य उरकून मी बोरिवलीला परत आले. दुपारी नवरा ऑफिसात, सासूबाई देवळात प्रवचनाला. मी पहिल्यांदा त्या मधल्या खुर्चीत बसले आणि कॅसेट लावली. मला गाणं ऐकायचं नव्हतं. मला ते खाकरणं ऐकायचं होतं, आणि "हां, घे."

डावीकडच्या स्पीकरमधून आगगाडीचं इंजिन शिट्टी मारत आलं आणि धडधडत उजव्या कोपऱ्यात गेलं. मग टेबल टेनिसचा चेंडू, इकडून तिकडे. मग काच फुटली. मध्ये मध्ये एक साहेब इंग्रजीत समजावून सांगत होता. नवऱ्याच्या कोणा मित्राकडे स्टिरिओ दाखवायची रेकॉर्ड होती, ती पाहुण्यांपुढे वाजवायची भारी हौस म्हणून नवऱ्याने माझ्याच कॅसेटवर भरून घेतली होती. मी ऐकत राहिले. उठवेचना. सगळं संपलं, खट् झालं, आणि अचानक माझा आवाज आला, अभंगाचं शेवटचं पालुपद. रेकॉर्ड छोटी पडली म्हणून तेवढी शेपटी उरली होती. पखवाज थांबला आणि बाबा बोलले, "बरां गायलंस गो बाय. ऱ्हवलेलां दुसऱ्या बाजूक."

बाबांचा आवाज बारीक होता, चिरका म्हणा हवं तर. त्या कोपऱ्यांतून आला तो कोणा तरी जाडजूड, पोट सुटलेल्या माणसाचा. मी मागे नेऊन ऐकला, पुन्हा ऐकला. खुर्ची सोडून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, स्पीकरला कान लावला. नाही. ह्यो माझ्या बापाचो आवाज न्हय. माझे बाबा बोलले ते एवढंच उरलंय, आणि तेही त्यांच्या आवाजात नाही. मी त्या खोलीत मोठ्याने रडले. ताटं तेवढी थरथरली नाहीत.

संध्याकाळी नवरा आला. मी विचारलं, "माझी कॅसेट पुसलीत?"

"अगं, रिकामी शोधत होतो, ही हाताला लागली. पट्टी तोडलेली नव्हती, मला वाटलं काही खास नसेल." मग माझ्या तोंडाकडे बघून जरा वरमला. "त्यात एवढं काय? तू आहेस की. पुन्हा गा, मी स्वतः रेकॉर्ड करतो, झकास करतो. कोणी अडवलंय तुला?"

"बरं," मी म्हटलं. "पेटी काढून द्या."

त्याने माळ्याकडे बघितलं. खोक्यांकडे बघितलं. मग खोलीभर नजर फिरवली, पलंग, कपाट, खुर्ची, दोन कोपरे.

"आत्ता?" तो म्हणाला. "आणि ती खोकी ठेवू कुठे?"