ताईची पहिली बांधणी

माझी थोरली बहीण पुस्तकं बांधायची. हाताला सदा खळीचा वास, आणि एकदा एखाद्या कामाच्या मागे लागली की सुटत नसे, म्हणून गल्लीतली पोरं तिला चिकटताई म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. "चिकटले म्हणूनच टिकले," म्हणायची.

ते खरंच होतं. एकोणिसाव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला. दीड वर्ष इस्पितळात गेलं. आई तिच्या खाटेशेजारी फरशीवर चटई टाकून झोपायची आणि तपासणीचा प्रत्येक कागद पिशवीत जपून ठेवायची. शेजारच्या खाटेवरची बाई बाइंडिंगच्या कारखान्यातली. तिनं ताईला सुई-दोरा धरायला शिकवलं, आणि ताईनं पहिलं पुस्तक बांधलं ते त्या पिशवीतल्या कागदांचं. निळं कापड, पाठीला दुहेरी शिवण. ती बाई घरी गेली नाही. ताई आली, त्याला आता बावीस वर्षं झाली. बाईंचा एक नियम मात्र ताईनं जन्माचा उचलला: पान फाटकं असो, डागाळलेलं असो, गाळायचं नाही.

तिचं दुकान म्हणजे भाड्याची एक खोली. एक खिडकी, लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. मालकानं खोली विकायला काढली, पण आधी ताईला विचारलं. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त आयुर्विमा काढून आणा म्हणाली. तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

विम्याचा फॉर्म आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून भरला. 'पूर्वीचे आजार' या रकान्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: उपचार संपून दहा वर्षं झाली असल्यास लिहिण्याची गरज नाही. ती मीच मोठ्यानं वाचली.

"मग सोडू का?" ताईनं विचारलं.

आणि मी दीडशहाणी म्हणाले, "लिहून टाक. उद्या कुणी बोट दाखवायला नको. कर नाही त्याला डर कशाला?"

ताईनं लिहिलं आणि सोबत निळं पुस्तकही जोडलं. अर्धवट काही देणं तिच्या हाताला जमायचंच नाही.

तीन आठवड्यांनी नकार आला. आम्ही विमा कचेरीत गेलो. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. त्यानं पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "शिवण सुंदर आहे," म्हणाला. "पण बाई, हे तुम्ही दिलं नसतं तर विचारायचा आम्हाला हक्कच नव्हता. आता फाइलीत आलंय. न वाचल्यासारखं कसं करू?"

"अहो, पण मी बरी झालेय. शेवटचं पान बघा ना."

"बघितलं मी. वरची माणसं पहिल्याच पानावर थांबली."

बावीस वर्षांत ताईला ताप आला असेल तर तो माझ्या मुलांकडून. तरी साप साप म्हणून भुई धोपटणं चालूच. दुसऱ्या कंपनीकडे गेलो, तर तिच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न: याआधी कुणी विमा नाकारला आहे का? मालकानं दोन महिने वाट पाहिली, मग खोली दुसऱ्याला दिली. शिकंजा भंगारवाल्यानं वजनावर नेला. ताई दारात उभी राहून बघत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. ती ओळ मी वाचली होती. तिनं विचारलंही होतं.

पुढे तिला एका छापखान्यात पानं मोजायचं काम मिळालं. रुजू व्हायच्या दिवशी मी सोबत गेले. तिथंही फॉर्म, आणि त्यातही तोच रकाना.

"गाळू?" तिनं हळूच विचारलं.

"गाळ."

तिनं रकान्यात आडवी रेघ मारली. संध्याकाळी काम सुटल्यावर मी तिला आणायला गेले. बसथांब्यावर दोनदा पिशवी उघडून आत बघितलं तिनं, काही विसरल्यासारखं.

"काय गं?"

"दीड वर्ष आई फरशीवर झोपली," ताई म्हणाली. "तेही गाळलं मी आज."

मी तिचा हात हातात घेतला. त्याला खळीचा वास नव्हता.